होकार कोणाचा?

तुळशीचीं लग्नें उरकलीं कीं वऱ्हाडांत माणसांच्या लग्नांचे बेत सुरू होतात. कापूस घरांत येत असतो, सोयाबीनचे पैसे हातीं आलेले असतात, आणि ज्या घरीं उपवर मुलगी आहे त्या घरच्या दारांत अनोळखी जोडे दिसूं लागतात. अशाच एका सकाळीं आम्ही बीबी या गांवीं एका परिचित व्यापाऱ्याच्या घरीं होतों. बीबी हें बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांतील, सिंदखेड राजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. यजमानांचें अडतीचें दुकान आहे आणि त्यांच्या कागदपत्रांचीं कामें आमच्याकडे असतात. तेव्हां "वकीलसाहेब, चार माणसांत तुम्हीही असावें" असा त्यांचा आग्रह पडला. मुलाकडील मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले. मुलगी येऊन बसली. नांव, शिक्षण, उंची, नक्षत्र, स्वयंपाक या ठरलेल्या पायऱ्या एकामागून एक चढून झाल्या. इतक्यांत मुलाच्या मामांचें लक्ष फळीवरच्या एका पुस्तकाकडे गेलें. "काय वाचतेस, बाळ?" असें त्यांनीं विचारलें. मुलगी म्हणाली, "लग्नाची गोष्ट आहे, मामा." सगळे हंसले. मामाही हंसले, आणि पुस्तक होतें तेथें ठेवून त्यांनीं हुंड्याचें नांव न घेतां, मुलाला शहरांत घर घ्यावयाचें आहे अशी हुंड्याची गोष्ट काढली.

मंडळी जेवणास उठल्यावर आम्ही तें पुस्तक उघडून पाहिलें. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेली ती प्रत म्हणजे जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी होती. पानांचे कोपरे जागोजागीं दुमडलेले होते. आमच्या मनांत आलें कीं, आज या घरांत बसलेल्या आम्हां सर्व शहाण्यांपेक्षां या पुस्तकास या प्रसंगाची जाण अधिक आहे. त्या दिवसापासून हा विषय वाचकांपुढें मांडावा असें आम्ही योजीत होतों. प्रेमकथा हा वृत्तपत्राच्या अग्रलेखाचा विषय होय काय, असें कोणी विचारील. ज्या प्रेमकथेंत मिळकतीचा कायदा, मुलीची संमति आणि बापाचें कर्तव्य या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, ती प्रेमकथा अग्रलेखास वर्ज्य नाहीं, असें आमचें उत्तर आहे.

प्रथम त्या पुस्तकाची जन्मकथा सांगूं. जेन ऑस्टिन हिचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजीं इंग्लंडांतील स्टीव्हन्टन या खेड्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. २०२५ सालीं त्या जन्मास अडीचशें वर्षें झालीं. तिनें लग्न केलें नाहीं. १८०२ च्या डिसेंबरांत एका श्रीमंत घरच्या तरुणानें तिला मागणी घातली आणि तिनें ती स्वीकारली. परंतु रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें आपला होकार परत घेतला. त्या वेळीं ती सत्तावीस वर्षांची होत होती. स्वतःची मिळकत नव्हती. एका रात्रींत तिनें काय सोडलें हें व्यापारी वाचकांस आंकड्यांवांचूनही कळेल. पुढें १८११ सालीं तिची पहिली कादंबरी छापली गेली ती 'एका स्त्रीनें लिहिलेली' एवढ्याच ओळखीवर. २८ जानेवारी १८१३ रोजीं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' लंडनच्या एगर्टन या प्रकाशकानें तीन खंडांत काढली. किंमत अठरा शिलिंग. तीवरही लेखिकेचें नांव नव्हतें. या पुस्तकाचे सर्व हक्क तिनें अवघ्या ११० पौंडांस विकून टाकले होते. ज्या ग्रंथावर पुढें दोनशें वर्षें प्रकाशकांनीं घरें बांधलीं, त्या ग्रंथाची लेखिकेस मिळालेली किंमत एवढीच! १८ जुलै १८१७ रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, ती वारली. तिच्या नांवाचा जाहीर उल्लेख भावानें केला तो तिच्या मृत्यूनंतर. ज्या वर्षीं ही कादंबरी निघाली त्या वर्षीं पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, हें लक्षांत ठेवलें म्हणजे काळाचें माप नीट कळतें.

आवृत्त्यांचा इतिहासही बोधप्रद आहे. अठरा शिलिंगांचें पुस्तक सामान्य माणसाचें नव्हे. १८३३ मध्यें बेंटली या प्रकाशकानें ऑस्टिनच्या कादंबऱ्या सहा शिलिंगांच्या एकखंडी मालेंत आणल्या, आणि पुस्तक श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून मध्यम स्थितीच्या घरांत शिरलें. १८९४ मध्यें ह्यू टॉमसनच्या चित्रांनीं सजलेली, मोराच्या पिसाऱ्याचें मुखपृष्ठ असलेली आवृत्ति निघाली. ती भेट देण्यासाठीं घेण्याची वस्तु झाली. १९२३ मध्यें ऑक्सफर्डच्या छापखान्यानें आर. डब्ल्यू. चॅपमन यांनीं पाठशुद्ध केलेली आवृत्ति काढली. आपल्याकडे संतांच्या पोथ्या जमवून पाठ ठरवितात तसा मान एका कादंबरीकर्त्रीच्या शब्दांस मिळाला. पुढें कागदी पुठ्ठ्याच्या स्वस्त आवृत्त्या आल्या आणि हें पुस्तक विद्यार्थ्यांच्या खिशांत गेलें. बीबीच्या फळीवरील प्रत ही त्याच प्रवासाची शेवटची पायरी होय. किंमत उतरली तसतसें पुस्तक जेथें पोंचावयास पाहिजे तेथें पोंचलें, ही गोष्ट आमच्या मराठी प्रकाशकांनीं ध्यानांत धरण्यासारखी आहे.

आतां त्या कथेच्या पोटांत काय आहे तें पाहूं. बेनेट नांवाच्या गृहस्थास पांच मुली, मुलगा नाहीं. घराचें उत्पन्न वर्षास दोन हजार पौंड. परंतु ती मिळकत 'एन्टेल' या इंग्रजी बंधनानें बांधलेली, म्हणजे ती पुरुष वारसाकडेच जावयाची. बाप डोळे मिटील त्या दिवशीं घर दूरच्या एका आप्ताचें होणार आणि मायलेकी रस्त्यावर येणार. हा आप्त, कॉलिन्स, मोठ्या उदारपणें दुसऱ्या मुलीस, एलिझाबेथ हिला, मागणी घालतो. आई आनंदानें वेडी होते. मुलगी नाहीं म्हणते. आई बापाकडे धांवते. आणि बाप, जो एरवीं आळशी व थट्टेखोर आहे, तो या एका प्रसंगीं मुलीच्या बाजूनें उभा राहतो. पुढें डार्सी नांवाचा वर्षास दहा हजार पौंड उत्पन्नाचा तरुण मागणी घालतो. परंतु तो आपण किती खालीं उतरत आहों हें सांगत सांगत मागणी घालतो, म्हणून त्यालाही ती नाहीं म्हणते. तिची मैत्रीण शार्लट सत्तावीस वर्षांची. तिला घर पाहिजे म्हणून ती त्याच कॉलिन्सशीं लग्न लावते, आणि लेखिका तिला दोष देत नाहीं. अखेरीस डार्सीचा गर्व उतरतो, एलिझाबेथचा पूर्वग्रह जातो, आणि दोघांचें लग्न होतें. कथा गोड शेवटाची आहे यांत शंका नाहीं. परंतु तिचा कणा एकच आहे, आणि तो म्हणजे मुलीचा नकार. जिला नाहीं म्हणण्याचा अधिकार नाहीं, तिच्या होकारास अर्थ नाहीं. करारनाम्याच्या कायद्यांत हें तत्त्व आम्ही पहिल्या वर्षीं शिकतों, आणि लग्नाच्या बैठकींत शेवटपर्यंत विसरून बसतों.

अशी ही कथा मराठींत केव्हां आली? मराठीनें इंग्रजी कथा स्वीकारण्यास फार लवकर आरंभ केला होता. हरि केशवजी यांनीं बनियनच्या ग्रंथाचें 'यात्रिक क्रमण' १८४१ सालींच केलें. आगरकरांनीं १८८३ मध्यें शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' हें 'विकारविलसित' या नांवानें आणलें. हरि नारायण आपटे यांनीं १८८५ मध्यें 'मधली स्थिति' ही आपली पहिली कादंबरी लिहिली ती रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारें. रेनॉल्ड्सचीं गूढें, खून आणि गुप्त दरवाजे आपल्याकडे चटकन रुजले, कारण खून आणि गुप्त दरवाजा यांस कोणत्याही देशाचें परवानापत्र लागत नाहीं. परंतु बेनेटांच्या घरांतील साधी गोष्ट, चार मुली बैठकींत बसून चार तरुणांशीं बरोबरीनें बोलत आहेत ही गोष्ट, मराठींत आणावयाची तर ती कोणत्या घरांत घडवावयाची? १८६१ ची 'मुक्तामाला' घ्या, १८६८ ची 'मंजुघोषा' घ्या. प्रेम वर्णावयाचें तर आमच्या ग्रंथकारांस अद्भुताच्या प्रदेशांत जावें लागे. ज्या समाजांत मुलगी अक्षरें गिरविण्याच्या वयांत सासरीं जाते, तेथें वीस वर्षांची, वाचलेली, स्वतःचें मत असलेली कुमारिका ग्रंथकारानें आणावी कोठून?

या प्रश्नाची धार कळावी म्हणून एक खटला आठवूं. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. वयांत आल्यावर त्यांनीं त्या नवऱ्याच्या घरीं जाण्यास नकार दिला. १८८४ मध्यें दादाजी भिकाजी यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांनीं दावा फेटाळला; परंतु तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं नवऱ्याकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पतकरला. १८८८ मध्यें तडजोड झाली आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. एलिझाबेथ बेनेट हिच्या नकारास बक्षीस म्हणून मोठा वाडा मिळाला. रखमाबाईंच्या नकारास तुरुंगाचा हुकूम. आणि हें घडलें तेव्हां इंग्लंडांत ऑस्टिनची कादंबरी पाऊणशें वर्षांची झाली होती. येथें आपण एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे: आमच्या राष्ट्रीय बाण्याच्या कित्येक थोर पुरुषांनीं त्या वेळीं रखमाबाईंचा पक्ष घेतला नाहीं. स्वराज्याची मागणी करणारानें आपल्या मुलीस स्वराज्य नाकारावें, ही विसंगति त्या पिढीनें आपल्या पदरीं घेतली. तिचें ऋण अजून फिटलें नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९१३ सालीं कृष्णाजी केशव गोखले यांनीं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चें मराठी रूपांतर केलें. त्या ग्रंथास त्यांनीं दिलेलें नांव पाहा: 'आजपासून पन्नास वर्षांनीं'. आमच्या मतें हें नांव म्हणजे एक संपूर्ण अग्रलेख आहे. शंभर वर्षांपूर्वीं इंग्लंडांत रोजची असलेली गोष्ट महाराष्ट्रांत घडावयास आणखी पन्नास वर्षें लागतील, अशी जणूं कबुलीच त्या तीन शब्दांत दिलेली आहे. एका समाजाचा भूतकाळ दुसऱ्या समाजाचा भविष्यकाळ ठरला. ज्यांना अशा कथा अद्भुताच्या प्रदेशांत न्याव्या लागत, त्यांच्याच परंपरेंतल्या एकानें ती पुढच्या काळांत नेली, हीच सुधारणेची मोठी पायरी होय. कारण अद्भुताकडे आपण कधींच पोंचत नाहीं, भविष्याकडे पोंचण्याची निदान जबाबदारी असते.

तीं पन्नास वर्षें १९६३ मध्यें भरलीं. वकील या नात्यानें आम्ही त्या हुंडीची मुदत भरल्यावर हिशेब तपासून पाहिला. १८९१ मध्यें संमतिवय बारा झालें होतें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें लग्नाचें वय चौदा केलें. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस मिळकतींत मर्यादित हक्क दिला. १९५५ मध्यें हिंदु विवाह कायदा आला, १९५६ मध्यें मुलगी वडिलांची प्रथम वर्गाची वारस झाली, १९६१ मध्यें हुंडा गुन्हा ठरला. म्हणजे १९६३ उजाडतांना, कायद्याच्या पुस्तकापुरती तरी, गोखले यांची हुंडी वटली होती. त्यानंतर १९७८ मध्यें मुलीचें वय अठरा झालें. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें, आणि सबंध देशानें २००५ मध्यें, मुलीस जन्मतः सहदायाद मानलें. २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, बाप २००५ सालीं हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हेंही स्पष्ट केलें. बेनेटांच्या पांच मुली आज बुलढाणा जिल्ह्यांत असत्या तर त्यांना घरांतून कोणी काढूं शकलें नसतें.

काढूं शकलें नसतें काय? येथें आमचा कायदा संपतो आणि आमचा अनुभव सुरू होतो. आमच्या टेबलावरून दरवर्षीं जे कागद जातात त्यांत 'हक्कसोडपत्र' हा एक मोठा प्रकार असतो. बाप गेला कीं भाऊ बहिणींस गाडी करून बोलावतो, साडीचोळी करतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेऊन अंगठा किंवा सही घेतो. बहिणीस विचारलें तर ती म्हणते, माहेर तुटेल. इंग्लंडच्या एन्टेलनें मुलीस घराबाहेर काढलें तें कायद्यानें. आमचें हक्कसोडपत्र तिला बाहेर काढतें तें मायेनें. पहिल्याविरुद्ध निदान कादंबरी लिहितां आली! कायदा दिल्लीस होतो, पण हक्क सुटतो तो तालुक्याला; आणि ज्या मुलीस लग्नाच्या बैठकींत नाहीं म्हणावयास शिकविलें नाहीं, ती कचेरींत नाहीं कशी म्हणेल? दोन्ही ठिकाणीं तिच्या मौनासच होकार समजण्यांत येतें. वयाच्या कायद्याचीही तीच कथा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा पुरें होण्यापूर्वींच झालेलें आढळलें. देशाचा आंकडा शेंकडा २३.३ आहे. आपण देशाच्या पुढें आहों खरे, पण केवढेंसे?

आतां पडद्यावरील रूपांतरांकडे वळूं, कारण आजचा बहुतेक वाचक ही कथा तेथूनच ओळखतो. १९४० मध्यें हॉलिवुडनें तिचा चित्रपट केला. १९९५ मध्यें बीबीसीनें सहा भागांची मालिका केली. २००५ मध्यें पुन्हा चित्रपट झाला. आपल्याकडे १९८५ मध्यें दूरदर्शनवर 'तृष्णा' ही हिंदी मालिका याच कथेवर आली. २००४ मध्यें गुरिंदर चड्ढा यांनीं 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्यें बेनेटांचें घर अमृतसरला नेलें. २०१० चा 'आयेशा' हा ऑस्टिनच्या 'एमा'वरून, आणि २००० चा तामीळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' हा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वरून घेतलेला. यांतील तामीळ चित्रपटाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें, कारण त्यानें गाण्यांच्या आणि देखाव्यांच्या गर्दींतही आजोबांच्या मागें मायलेकींचें घर जातें, हा प्रसंग सोडला नाहीं. एरवीं बहुतेक रूपांतरांत नृत्य राहतें, कपडे राहतात, नायकाचा रुबाब राहतो, आणि मिळकतीचा कागद तेवढा गळतो. ही खोड आजची नव्हे. १८१५ मध्यें मादाम द माँतोल्यू यांनीं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' फ्रेंचमध्यें नेली तेव्हांच त्यांनीं मनाला येईल तसे फेरफार केले होते. रूपांतरकारानें फेरफार करावे. तो त्याचा हक्क आहे. पण मूळ कथेंतील जो कागद गळला कीं कथा नुसती वरात होते, तो कागद त्यानें गाळूं नये.

कोणी देशाभिमानी वाचक येथें म्हणतील: एका इंग्रज बाईची गोष्ट आम्हांस कशाला? आमच्या मातींत प्रेम नाहीं काय, लग्न नाहीं काय? आहे, निश्चित आहे. याच मुलखांतील मेहकरचे वकील आणि कवि ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ'नें सबंध महाराष्ट्रास वेड लावलें, तें उसन्या प्रेमानें नव्हे. आणि गर्व व पूर्वग्रह यांची गोष्ट तर बीबीपासून फार दूर घडलेली नाहीं. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यांतील होळीची कथा बखरकार सांगतात. जिजाऊ आणि शहाजी ही लहान मुलें रंग खेळत असतां जाधवराव विनोदानें म्हणाले, जोडा शोभतो. मालोजी भोसले उठून म्हणाले, मंडळी साक्षी आहे, सोयरीक ठरली. जाधवरावांच्या घरांत यावरून संताप झाला. आपल्या पदरच्या माणसाच्या घरीं मुलगी कशी द्यावी? पुढें भोसल्यांचा दर्जा वाढला तेव्हां लग्न झालें. जाधवांचा मान, भोसल्यांचा बाणा, दर्जाचा प्रश्न, सगळें येथें आहे. डार्सीनें आपला उंचपणा सांगितला तो आमच्या कानांस नवा नाहीं. या कथेंत जाधवराव काय म्हणाले तें आहे, मालोजी काय म्हणाले तें आहे, जाधवरावांच्या पत्नी काय म्हणाल्या तेंही आहे. पण पुढें जिच्या पोटीं स्वराज्याचा संस्थापक यावयाचा होता, त्या मुलीचा त्या दिवशींचा एक शब्दही बखरकारानें दिलेला नाहीं. बालविवाहाच्या काळांत तो असणार तरी कोठून? आम्हांस परदेशाहून जें घ्यावयाचें आहे तें एवढेंच: त्या गाळलेल्या जागीं मुलीचा आवाज ऐकण्याची संवय. स्वदेशी मालाचा आग्रह धरणारानेंही, जो माल आपल्या गिरणींत अद्याप पुरेसा निघत नाहीं त्याचा नमुना बाहेरून आणण्यास लाजूं नये.

म्हणून आमच्या सूचना तीन. पहिली, प्रकाशकांस: ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या चांगल्या मराठींत, स्वस्त किंमतींत आणि मिळकत, एन्टेल, वार्षिक उत्पन्न यांच्या टिपांसह काढाव्या. कायद्याची अडचण नाहीं. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं हक्क संपतो. ऑस्टिनला जाऊन दोनशेंहून अधिक वर्षें झालीं. मूळ ग्रंथासाठीं कोणास एक पैसा देणें नाहीं. मात्र भाषांतरकाराची मेहनत ही त्याची स्वतंत्र मिळकत असते. तिचा मोबदला बुडवूं नये, आणि मूळ लेखिकेचें नांव मुखपृष्ठावर स्पष्ट द्यावें. एकदां बिननांवानें ११० पौंडांत तिची बोळवण झाली तेवढी पुरे. दुसरी, व्यापारी बंधूंस: गणपतीची वर्गणी, जत्रेची वर्गणी आपण देतां, गांवच्या वाचनालयास वर्षाकांठीं दहा पुस्तकें द्यावीं आणि त्यांतील पांच मुलींच्या हातीं पडतील असें पाहावें. तिसरी, वडिलांस: मुलीस पाहावयास पाहुणे येण्याच्या आदल्या रात्रीं तिच्याजवळ बसून एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर नाहीं असें आलें तर तें तितक्याच शांतपणें ऐकावें. बेनेट हा कांहीं आदर्श बाप नव्हता. तो आळशी होता, त्यानें मुलींसाठीं कांहीं शिल्लक टाकली नाहीं. तरी एका प्रसंगीं तो मुलीच्या बाजूस उभा राहिला आणि तेवढ्यावर वाचकांनीं दोनशें वर्षें त्याचे सगळे दोष पोटांत घातले.

बीबीची बैठक कशी संपली तें सांगावयाचें राहिलें. जेवणें झाल्यावर मंडळी निघाली. जोडे पायांत घालतांना मामा रिवाजाप्रमाणें म्हणाले, "बरें आहे शेठजी, आम्ही कळवितों." हा शब्द मुलीच्या बापानें हात जोडून ऐकावयाचा आणि मग फोनची वाट पाहावयाची, हा आमचा शतकांचा परिपाठ. यजमान दारांत उभे होते. त्यांनीं एकदां मागें वळून पाहिलें. आंतल्या दाराशीं मुलगी उभी होती. बापलेकींत काय बोलणें झालें होतें तें आम्हांस ठाऊक नाहीं. ते मामांकडे वळून, आवाज मुळींच न चढवितां म्हणाले, "होय, मामा. आणि मुलीला विचारून आम्हीही कळवितों."

मामा क्षणभर थांबले, मग गाडींत बसले. त्या घराच्या ओसरीवर तरी १९१३ सालची ती पन्नास वर्षें त्या दुपारीं भरलीं, असें आम्हांस वाटलें.